तांपुलीचा उकिरडा

ज्या वर्षी नेइंदूने दुसरी बायको आणली आणि ती पेरणीच्या आधीच माहेरी निघून गेली, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. ती का गेली याबद्दल गावात चार तोंडं चार गोष्टी सांगत होती. नेइंदूची आई झिनाबू हिला मात्र खरं कारण ठाऊक होतं. सुनेने स्वतःच्या भेंडीसाठी दारासमोरच्या उकिरड्यातलं चार टोपल्या खत मागितलं होतं आणि झिनाबूने नाही म्हटलं होतं. डोक्यावर गाठोडं घेऊन निघताना सून शेजारच्या अंगणात ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "या घरात माणसापेक्षा कचऱ्याचा मान मोठा आहे. सांभाळा तुमचा कचरा."

कचरा झिनाबू सांभाळतच होती.

आमच्याकडे प्रत्येक घरासमोर उकिरडा असतो. चुलीतली राख, शेळ्यांच्या लेंड्या, भुईमुगाची टरफलं, मक्याची बुरकुंडं, फुटकी मडकी, रोजची झाडलोट, सगळं तिथे जातं. सोयरीक जुळवायला आलेली माणसं घराच्या भिंती नंतर बघतात, आधी उकिरडा बघतात. त्यावरून घरात किती वर्षं चूल पेटते आहे ते कळतं. पहिला पाऊस झाला की बायका त्याच्या पोटातून काळं, भुसभुशीत झालेलं खत टोपल्यांनी काढतात आणि घराच्या भोवतालच्या पट्ट्यात भेंडीला घालतात. भेंडी बायकांची असते. पुरुषाचा मका आणि रताळी लांबच्या शेतात, बाईची भेंडी चुलीच्या धुराच्या टप्प्यात. म्हणून सगळ्यांचे उकिरडे पावसाळ्यात खाली बसतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा वर येतात.

झिनाबूचा उकिरडा तेवढा कधी खाली बसला नाही. तो घराच्या गवती छपराच्या कडेपर्यंत पोहोचला होता. कोंबड्यांना त्याच्या माथ्यावर चढायला दम लागायचा.

त्याचं कारण तिची नात. नेइंदूच्या पहिल्या बायकोची मुलं जगत नव्हती. कुणी आठवड्याचं झालं, कुणी दात येईपर्यंत पोहोचलं, आणि गेलं. त्यानंतर ही मुलगी झाली तेव्हा झिनाबूने बारशाचीही वाट पाहिली नाही. खताच्या फाटक्या नायलॉनच्या गोणीत पोर गुंडाळली, उकिरड्यावर नेऊन ठेवली आणि मागे न बघता घरात आली. ठरल्याप्रमाणे शेजारची लामिही राख टाकायला आली, आणि जसं काही तिला माहीतच नाही अशा आवाजात म्हणाली, कुणी टाकलंय हे, कुणाला नको असेल तर मी नेते. तिने गोणी तिथेच टाकून पोर उचलली, घरी नेली आणि मग चार कवड्या घेऊन पोरीच्याच आईला विकली. मरणाला वाटावं की हे कचऱ्यातलं, विकत घेतलेलं, कुणाचंच नसलेलं पोर आहे. याच्या मागे लागण्यात काय अर्थ. नाव ठेवलं तांपुली. तांपुली म्हणजेच उकिरडा. गावात या नावाची आणखीही माणसं आहेत, त्यातला एक तर आता मोठा गृहस्थ आहे.

इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. पण झिनाबूच्या मनाचं समाधान झालं नाही. ती शकुन पाहणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. म्हाताऱ्याने पिशवीतली हाडं आणि शिंपले जमिनीवर पसरले, खूप वेळ बघितलं आणि सांगितलं की पोर आता उकिरड्याची झाली आहे, तोच तिला धरून ठेवील. तिच्या पोटी मूल येईपर्यंत त्यातली मूठभर मातीही उचलू नका. जे त्याच्यातून काढाल ते तिच्यातून काढाल. मशिदीतले मौलवी हे ऐकून हसले. किताबात असलं काही नाही म्हणाले. पण पोर जगली. पुढच्या बाळंतपणात तिची आई गेली, ही मात्र रांगत उकिरड्याच्या पायथ्याशी जाऊन टरफलं चघळत बसायची. झिनाबूने त्या दिवसापासून उकिरड्यावर फक्त घातलं, काढलं काही नाही.

इतकी वर्षं त्याने काही अडलंही नव्हतं. सुगी झाली की फुलानी या भटक्या जमातीचा एक गुराखी आपली गुरं घेऊन यायचा आणि झिनाबूच्या घराभोवतालच्या मोकळ्या रानात रात्री बसवायचा. झिनाबू त्याला पीठ आणि मीठ द्यायची. पावसाआधी तो निघून जाई तेव्हा जमीन शेणामुताने काळी झालेली असायची. त्या जमिनीत भेंडी अशी यायची की तोडायला हात वर करावा लागे. पण आदल्या वर्षी पलीकडच्या गावात गुरांनी पीक तुडवल्यावरून भांडण पेटलं, गुराख्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या, आणि हा माणूस, ज्याचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता, पहाटे गुरं हाकत नदीपार गेला. पुन्हा आला नाही.

आणि नेमकं सून निघून गेली त्याच वर्षी तांपुलीचं लग्न ठरलं.

ओढ्यापलीकडच्या गावातल्या विणकराचा मुलगा. झिनाबूला तो आवडला होता. कमी बोलायचा आणि जेवताना शेवटचा घास ताटात ठेवायचा. पण आमच्याकडे मुलगी सासरी भांडी घेऊन जाते. फुलांची नक्षी असलेली, चकचकीत, एकावर एक रचलेली, खोलीच्या छताला टेकतील इतकी. ती नसली तर सासरी कुणी मारत नाही, पण कुणी विसरतही नाही. त्यासाठी गावच्या मुली ट्रकात बसून दक्षिणेतल्या कुमासी या मोठ्या शहरात जातात आणि बाजारात लोकांची ओझी डोक्यावरून वाहतात. काही जणी वर्षभराने भांडी घेऊन येतात. काही नुसत्या येतात, काही पाठीवर मूल बांधून येतात, आणि काहींबद्दल कुणी विचारत नाही.

झिनाबूने नातीला सांगितलं की माझी भांडी भेंडीने घेतली, तुझ्या आईची भांडी भेंडीने घेतली, तुझीही भेंडीच घेईल. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ताजी भेंडी सगळ्यांकडे असते. पण चकत्या करून चटईवर सुकवलेली भेंडी कोरड्या दिवसांत शहरातल्या व्यापारिणी दारात येऊन घेऊन जातात. तांपुली कबूल झाली. भेंडीचा हंगाम संपेपर्यंत थांबते म्हणाली. पीक आलं तर राहीन, नाही आलं तर मैत्रिणींबरोबर ट्रकात बसेन.

पेरणीच्या दिवशी दोघी मजेत होत्या. आमच्याकडे आजी आणि नात एकमेकींना सवत म्हणतात, कारण थट्टेत आजोबा दोघींचा नवरा.

"काय गं सवती," तांपुली बी टाकता टाकता म्हणाली, "काल नवरा आला होता स्वप्नात. भेंडी दाट पेरू नका म्हणाला."

"माझ्या स्वप्नात मेल्यापासून एकदा आला नाही," झिनाबू म्हणाली. "जिवंत होता तेव्हाही असाच. कामाचं काय ते दुसरीलाच सांगायचा."

बी उगवलं. चार पानं फुटली आणि तिथेच थांबली. मग पानं पिवळी पडायला लागली, आधी खालची, मग वरची. पाऊस चांगला होता, तण जोरात होतं, फक्त भेंडी उभी होती ती आजारी मुलासारखी. जमिनीत काही राहिलंच नव्हतं. झिनाबू रोज सकाळी शेळ्यांच्या मागे झाडू घेऊन फिरू लागली. तांपुली हसायची, म्हणायची, आज्जी शेळ्यांना लाज वाटते आता, तू बघत असलीस की त्या टाकतच नाहीत. लेंड्या निघायच्या ओंजळभर, आणि भेंडीची पट्टी घराला वळसा घालून न्हाणीच्या भिंतीपर्यंत गेलेली. एकेका रोपाला मोजून चार लेंड्या घालाव्या तशी गत झाली.

पट्टीपासून हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर उकिरडा उभा होता. पाऊस पडला की त्याच्या अंगावरून काळं पाणी ओघळायचं आणि वाटेवरून वाहून जायचं. झिनाबू ते पाणीही भेंडीकडे वळवत नव्हती.

शेवटी नेइंदूने शहराजवळच्या कोंबड्यांच्या मोठ्या शेडमधून विष्ठेच्या गोण्या आणल्या. तीनचाकीतून उतरवल्या तेव्हा वासाने शेळ्या पळाल्या. झिनाबूने एका गोणीत हात घातला आणि पटकन बाहेर काढला. आत चुलीतल्या राखेसारखं गरम होतं. हे खत खड्ड्यात पुरून, पाणी मारून, ऊब आणि वास जाईपर्यंत ठेवायचं असतं हे तिला माहीत होतं. ताजी विष्ठा रोपाला घातली म्हणून तिने शेजारच्या दोन सुनांना बोल लावले होते. पण खत थंड होईपर्यंत पाऊस संपला असता. तिने त्यात राख मिसळली, पाणी मिसळलं, देठापासून दूर, अगदी बेताने घातलं, आणि घालताना तोंडाने दुवा म्हणत होती. दोन-तीन दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मग पानं कुणी विस्तवावर धरल्यासारखी आत वळली. पट्टीचा अर्धा भाग जळून गेला.

नेइंदूने रिकाम्या गोण्या घडी करून ठेवल्या. तो वाईट माणूस नव्हता; पण दुसरी बायको गेल्यापासून त्याने घरातल्या कुठल्याच गोष्टीत आपलं मत देणं सोडलं होतं. तांपुली जळलेली रोपं उपटत होती आणि गुणगुणत होती. झिनाबूला तिच्या गुणगुणण्याची भीती वाटली. ज्याने जायचं ठरवलं आहे तो माणूस असा हलका होतो.

मग एका सकाळी न्हाणीच्या भिंतीमागे पाणी ओतायला गेलेली झिनाबू थबकली. पट्टीच्या अगदी टोकाला, भिंतीच्या आडोशाला, भेंडीची थोडी रोपं हिरवीगार उभी होती. नुसती हिरवी नाही, काळसर. पानं तळहाताहून रुंद. पिवळी फुलं आली होती, आत गडद लाल डोळा, आणि खाली बोटभर भेंडी लागली होती. झिनाबू तिथेच बसली. तिला वाटलं की आपण घातलेल्या लेंड्यांनी हे केलं, आपल्या हाताला अजून गुण आहे. तिने तांपुलीला मोठ्याने हाक मारली. ती येईपर्यंत आनंदाने ती एका रोपाच्या बुंध्याशी बोटाने माती उकरत राहिली.

बोटाला काळ्या मडक्याचा तुकडा लागला. मग भुईमुगाचं कुजकं टरफल. मग राख.

तांपुली येऊन उभी राहिली होती. झिनाबूने वर पाहिलं.

"कधी?"

"पहिल्या पावसात. तू ओढ्यावर गेली होतीस," तांपुली म्हणाली. "मागच्या बाजूने काढलं, वर राख सारखी केली. दोनच टोपल्या, आज्जी. बघ माझ्याकडे. मेले का? साधी शिंक आली नाही मला."

झिनाबूने मडक्याचा तुकडा मुठीत धरला.

"अजून पाऊस आहे. आज सगळं खत घातलं तर उरलेली भेंडी उठेल. उकिरडा माझा आहे ना? मग मीच सांगते, खण."

"तो तुझा नाही," झिनाबू म्हणाली. "तू त्याची आहेस."

"मग मला त्याच्यापाशी राहू दे ना. मी राहते म्हणतेय. मला कुठे हौस आहे लोकांची ओझी वाहायची?" तांपुली खाली बसली आणि तिने म्हातारीचा मातीने भरलेला हात धरला. "तू मला कचऱ्याला देतेस की ट्रकला देतेस, तेवढं सांग."

पुढे जे झालं ते झिनाबूने नंतर लामिहीला सांगितलं, आणि लामिहीने आम्हाला. झिनाबू उठली आणि तिने ती रोपं एकेक करून उपटली. मुळांची माती झटकली. तेवढ्या जागेतली काळी माती कमरेच्या कापडाच्या ओच्यात भरली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. पुन्हा आली, पुन्हा भरली. बोटांनी खरवडून खरवडून भरली, खालची लाल जमीन दिसेपर्यंत. तिला रडू येत नव्हतं. तिच्या मनात एकच गोष्ट होती की जे काढलं ते परत गेलं पाहिजे, अजून वेळ गेलेली नाही. मुलगी दूर गेली तर परत येते; गावच्या कितीतरी आल्या. मेलेली येत नाही. हा हिशेब तिला इतका स्वच्छ दिसत होता की त्यात चूक असेल असं तिला वाटलंच नाही.

तांपुली बघत उभी राहिली. मग तिने उपटलेल्या रोपाची एक भेंडी तोडली आणि कच्चीच चावली.

"चांगली होती," ती म्हणाली.

त्यानंतर तिने एकदाही वाद घातला नाही. हंगाम संपेपर्यंत थांबली, शब्द दिला होता म्हणून. उरलेल्या रोपांना आलेली भेंडी दोघींनी चकत्या करून वाळत घातली. ती एका सुपात मावली. निघायच्या दिवशी सकाळी तांपुलीने अंगण झाडलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि टोपली उकिरड्याच्या माथ्यावर नेऊन ओतली. वरून हाताने थोपटलं. ट्रक कोपऱ्यावर हॉर्न वाजवत होता. झिनाबूने सुपातली भेंडी फडक्यात बांधून तिला दिली. तांपुली म्हणाली, "नवऱ्याला सांभाळ गं सवती," आणि गेली.

नेइंदूच्या फोनवर तिचा आवाज एकदा आला. बाजार फार मोठा आहे म्हणाली, टोकापासून टोकापर्यंत चालायला अर्धा दिवस लागतो. आम्ही मुली दुकानांच्या ओट्यावर झोपतो. पहिलं भांडं घेतलं, सगळ्यात मोठं, आत लाल फुलं आहेत, एका ओळखीच्या बाईकडे ठेवलं आहे. मग आजीला दे म्हणाली. झिनाबूने फोन दोन्ही हातांनी धरला.

"उकिरडा कसा आहे?"

"वाढतोय."

"मी बारीक होतेय," तांपुली म्हणाली आणि हसली. मागे कुणीतरी तिला ओझ्यासाठी हाक मारत होतं.

कोरडा वारा सुटला, धुळीने सूर्य पांढरा दिसायला लागला, आणि निरोप आला. ताप आला होता. दोन दिवस ती तापातच ओझी वाहत राहिली, मग ओट्यावरून उठली नाही. मुलींनी वर्गणी काढून दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. तिथेच दफन केलं. परत येणाऱ्या ट्रकमधून तिची भांडी आली, एकात एक बसवलेली, वर लाल फुलांचं मोठं भांडं उपडं घातलेलं. त्यात झिनाबूचं फडकं होतं, आणि फडक्यात अजून थोडी सुकी भेंडी.

गावात दोन पक्ष झाले. काही म्हणाले की त्या दोन टोपल्यांनी पोरीला नेलं, शकुन पाहणारा म्हातारा सांगून गेला होता. काही म्हणाले की बाजारातल्या तापाने आजवर पुष्कळ मुली नेल्या, त्यांच्या घरचे उकिरडे कुणी विचारतो का. झिनाबूकडे दोन्ही पक्षांची माणसं सांत्वनाला येऊन बसायची आणि ती दोघांचंही ऐकून मान हलवायची. टोपल्यांनी नेलं असेल, तर माती तिने ओच्याने परत केली होती, उकिरड्याने ती का नाही स्वीकारली? आणि टोपल्यांनी नेलं नसेल, तर तिने ती हिरवी रोपं कशासाठी उपटली? ती एका बाजूला वळली की दुसरी टोचायची. झोपायला कूसच उरली नाही.

लामिही सगळ्यांच्या शेवटी आली. तीही आता म्हातारी झाली होती. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "तुला एक कधी सांगितलं नाही, झिनाबू. मी त्या दिवशी उचलायला गेले तेव्हा गोणीत मुंग्या शिरल्या होत्या. पोरीचे कान, मान, सगळं लाल झालं होतं. मला राख घेऊन यायला आणखी उशीर झाला असता तर ती तिथेच गेली असती. उकिरड्याने काही धरून ठेवलं नव्हतं तिला. मी उचललं म्हणून ती जगली."

झिनाबूने विचारलं की मग तेव्हाच का बोलली नाहीस. लामिही म्हणाली, तू इतकी निर्धास्त झाली होतीस, कशाला बोलू.

पुढचा पाऊस आला तेव्हा झिनाबूने कुदळ घेतली आणि उकिरडा खणायला सुरुवात केली. नेइंदू मदतीला आला, तिने त्याला परत पाठवलं. वर शेवटची झाडलोट होती, तांपुलीने टाकलेली; ती तिने पहिल्या टोपलीत भरली. खाली गेलं तसं खत काळं, मऊ, हाताला थंड लागत गेलं. त्यात गांडुळं होती बोटाएवढी. रोज थोडं थोडं करत ती तळाशी पोहोचली. तिथे नायलॉनच्या गोणीचा तुकडा निघाला. बाकी सगळ्याची माती झाली होती, तो तसाच होता, छापलेली अक्षरंसुद्धा वाचता येतील असा. तिने तो धुतला, घडी केली आणि लाल फुलांच्या भांड्यात ठेवला.

त्या वर्षी झिनाबूच्या घराभोवती जशी भेंडी आली तशी गावात कुणी पाहिली नव्हती. रोपं माणसाच्या डोक्यावर गेली. दारातून बघितलं तर रस्ता दिसत नव्हता, नुसती पानं आणि पिवळी फुलं. शहरातल्या व्यापारिणी थांबून बघायच्या. झिनाबूने कुणाला तोडू नका म्हटलं नाही, पण तिने स्वतः एकही तोडली नाही, आणि ती ओट्यावर बसलेली असताना दुसऱ्या कुणाचा हात पुढे झाला नाही. भेंडी बोटाएवढी झाली, वीतभर झाली, मग जून होऊन लाकडासारखी कडक झाली. कोरड्या वाऱ्यात ती फुटली. आतलं बी दिवसभर खुळखुळायचं आणि खाली पडायचं.

पुढच्या पावसात ते बी आपोआप उगवलं, ओळीत नाही, कसंही, वाटेवर, अंगणात, आणि जिथे उकिरडा होता त्या सपाट जागेवरही. नेइंदूने ते उपटलं नाही.

तांपुली कुमासीत कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत एका गुरुवारी वारली; तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिची आजी झिनाबू त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, भेंडी फुलावर असताना, दुपारच्या नमाजाआधी घरच्या ओट्यावर वारली.